पहिल्या पगाराच्या स्लिपमधली चूक शोधताना या चुका टाळा

महिन्याची 7 तारीख उलटली की चाकण एमआयडीसीतल्या आमच्या टाइम ऑफिसच्या, म्हणजे हजेरी आणि पगाराचा हिशोब ठेवणाऱ्या कचेरीच्या, खिडकीपाशी नव्या मुलांची रांग लागते, आणि गेल्या 19 वर्षांत त्या रांगेतले पहिले वाक्य बदललेले नाही: "साहेब, पगार कमी आलाय." किती कमी आला, कशात कमी आला आणि मुळात किती यायला हवा होता, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे तयार नसते. हातात मोबाइल असतो, मोबाइलवर बँकेचा मेसेज असतो, आणि स्लिप मात्र अजून उघडलेलीसुद्धा नसते.

मेसेजमधल्या आकड्यावरून भांडायला येणे ही पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. टक्केवारी संगणक काढतो आणि तो सहसा चुकत नाही. चुकते ते माणसाने हाताने भरलेले, म्हणजे रुजू झाल्याची तारीख, हजेरी, खाते क्रमांक. म्हणून स्लिप हाती आली की सर्वांत खालची नेट पेची, म्हणजे कपातीनंतर हातात येणाऱ्या रकमेची, ओळ बोटाने झाकावी आणि आधी वरच्या कोपऱ्यातले "पेड डेज", म्हणजे पगार धरलेले दिवस, वाचावेत. दिवस जुळल्याशिवाय रुपयांकडे जाऊ नये.

2022 च्या ऑगस्टमध्ये 8 तारखेला, सोमवारी, एक मुलगा आमच्याकडे लागला. पगार 18,600 रुपये, त्यात बेसिक, म्हणजे मूळ पगार, 10,850. पुढच्या महिन्यात तो खिडकीशी आला तेव्हा त्याच्या खात्यात 8,127 रुपये जमा झाले होते. त्याचा हिशोब सरळ होता: 8 ते 31 असे 24 दिवस, दिवसाला 600 प्रमाणे 14,400. स्लिपवर पेड डेज होते 15 आणि एकूण कमाई 9,000. म्हणजे 5,400 रुपये कमी. त्याने आवाज चढवला, मागच्या दोघांनी त्याला साथ दिली, आणि मी कागद न उघडताच सांगून मोकळा झालो की आमची हजेरी मागच्या महिन्याच्या 26 पासून चालू महिन्याच्या 25 पर्यंत अशी धरली जाते, तेव्हा 25 तारखेनंतरचे दिवस पुढच्या स्लिपमध्ये येतील. तो खजील होऊन निघून गेला. पुढच्या महिन्यात पूर्ण 18,600 ची स्लिप आली आणि त्याच्या लेखी विषय संपला.

वास्तविक 8 ते 25 हे दिवस 18 होतात, 15 नव्हे. पहिल्या तीन दिवसांत त्याचे बोट पंचिंग मशीनवर नोंदवलेलेच नव्हते. तो गेटवरच्या वहीत सही करून आत येत होता, आणि त्या वहीचे पान टाइम ऑफिसपर्यंत पोहोचलेच नव्हते. त्याच्या 5,400 पैकी 3,600 चा आक्षेप चुकीचा होता आणि 1,800 चा अगदी बरोबर होता. दोन्ही एकाच ओरड्यात मिसळल्यामुळे चुकीच्या भागाने बरोबर भागालाही बुडवले. ऑक्टोबरमध्ये वही दुसऱ्याच कामासाठी तपासताना त्याच्या तीन सह्या माझ्या नजरेस पडल्या नसत्या, तर ते पैसे गेलेच होते. यात माझीही चूक होती, हे मी मान्य करतो. पण "8, 9 आणि 10 तारीख लागलेली नाही" एवढे एक वाक्य त्याने म्हटले असते तर मला वही उघडावीच लागली असती.

तेव्हापासून मी प्रत्येक नव्या मुलाला खिशात मावणारी छोटी वही ठेवायला सांगतो: तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, ओव्हरटाइमचे तास आणि ते कोणत्या सुपरवायझरने सांगितले त्याचे नाव. मोबाइलमध्ये लिहिले तरी चालते, असे मुले म्हणतात. माझा अनुभव असा की मोबाइलमध्ये चार दिवस लिहिले जाते आणि पाचव्या दिवशी विसरले जाते. रात्रपाळी असेल तर ही वही दुप्पट उपयोगी पडते, कारण आत जाण्याची तारीख एक आणि बाहेर पडण्याची दुसरी असते, आणि शिफ्ट बदलल्याची नोंद झाली नसेल तर मशीन अशा दिवसांचा हमखास घोळ घालते.

दुसरी चूक माझ्या विशेष रागाची आहे, ती म्हणजे नेमणुकीच्या पत्रावरच्या सीटीसीला, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षभरात येणाऱ्या एकूण खर्चाला, बाराने भागणे. तीन लाख भागिले बारा म्हणजे पंचवीस हजार, असे गणित करून मुलगा घरी सांगून ठेवतो, कधी गाडीचा हप्ताही ठरवून टाकतो, आणि मग स्लिपवर कमी रक्कम दिसली की कंपनीने फसवले म्हणतो. त्या तीन लाखांत कंपनीने तुमच्या पीएफमध्ये (भविष्य निर्वाह निधीत) भरायचा वाटा असतो, ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू असेल तर कंपनीचे 3.25 टक्के असतात, आणि बहुतेक ठिकाणी ग्रॅच्युइटीचे बेसिकवरचे 4.81 टक्केही धरलेले असतात. हा विचित्र आकडा येतो तो वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा मानून, बारा महिन्यांवर वाटल्यामुळे. यांपैकी एकही रक्कम दरमहा हातात येणारी नाही. नेमणुकीच्या पत्राला जोडलेल्या तक्त्यातला ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा महिन्याचा, पगार स्लिपशी ताडून पाहावा. इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये सीटीसी टाकून मिळालेला आकडा माझ्यासमोर आणू नये, कारण त्या यंत्राला तुमचा बेसिक किती आहे हेसुद्धा ठाऊक नसते.

कपातींविषयी थोडक्यात. पीएफ पहिल्या महिन्यात जितक्या दिवसांचा बेसिक मिळाला त्याच्या 12 टक्के कापला जातो. वरच्या मुलाचा 15 दिवसांच्या 5,250 बेसिकवर 630 कापला गेला, तो बरोबर होता. ईएसआय 0.75 टक्के असून पुढच्या रुपयापर्यंत पूर्ण केला जातो, त्यामुळे साडेसदुसष्टचे 68 झाले म्हणून कोणी तक्रार करू नये. मात्र ज्याचा ठरलेला पगार 21,000 च्या वर आहे आणि केवळ महिन्याच्या मध्यावर रुजू झाल्यामुळे हातात 12,000 आले आहेत, त्याचा ईएसआय कापला असेल तर ती खरी चूक आहे आणि ती लगेच दाखवून द्यावी. महाराष्ट्रात व्यवसाय कर पुरुषांना 7,500 च्या वर 10,000 पर्यंत 175 आणि त्यापुढे 200 रुपये पडतो, फेब्रुवारीत 300. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या स्लिपमध्ये तो वेगळा दिसू शकतो. महिलांना 25,000 पर्यंत तो लागतच नाही, आणि तरीही तो कापलेला मी अनेकदा पाहिला आहे, कारण भरणाऱ्याने लिंगाचा रकाना रिकामा सोडलेला असतो.

स्लिपवर पीएफ कापलेला दिसला म्हणजे तो भरला गेला, असे समजू नये. 12 आकडी यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, स्लिपवर छापला आहे का ते पाहावे, आणि कंपनीने पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत रक्कम भरायची असते म्हणून त्यानंतर आठ-दहा दिवसांनी पीएफचे पासबुक उघडावे. आधी कुठे तीन महिने कंत्राटावर काम केले असेल तर तो जुना यूएएन लपवू नये. "कशाला उगाच जुने काढायचे" या आळसाची किंमत पुढे पैसे काढताना मोजावी लागते.

मित्राच्या स्लिपशी आपली स्लिप ताडणे व्यर्थ आहे.

चूक सापडली की व्हॉट्सॲप ग्रुपवर स्लिपचा फोटो टाकण्याआधी चार ओळींचा अर्ज किंवा ईमेल करावा: कोणत्या महिन्याची स्लिप, कोणती ओळ, काय हवे होते, पुरावा काय. पहिल्याच दिवशी कामगार आयुक्तांचे नाव काढणाऱ्यांचे कागद वरिष्ठांकडे जातात आणि तिथे पडून राहतात, असे मी पाहत आलो आहे. मात्र दोन पगार उलटूनही लेखी उत्तर आले नाही, तर आयुक्तांकडे जाण्यात संकोच बाळगू नये; वेतन संहितेनुसार दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे.

फरक मिळाला की तोही तपासावा. त्या मुलाचे 1,800 रुपये ऑक्टोबरच्या पगारात जमा झाले, आणि दुसऱ्याच दिवशी तो पुन्हा खिडकीशी आला. हातात 1,661 च जास्त आले होते. या वेळी मात्र त्याने स्लिप छापून आणली होती, आणि पीएफच्या ओळीतल्या वाढीव 126 रुपयांखाली व ईएसआयच्या 13 रुपयांखाली पेन्सिलीने रेघा मारलेल्या होत्या.