दोन एअरलाइन्सच्या ऑफर हातात आहेत? संसार असलेल्या वैमानिकांनी या चुका टाळा

माझा नवरा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. आम्ही मुलुंडला राहतो, मुलगी दुसरीत आहे. मागे दोन ऑफर एकदम आल्या तेव्हा आम्ही पगाराचे आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि मोठा आकडा निवडला. चूक तिथेच झाली. त्यातला बराच भाग उड्डाणाच्या तासांवर होता आणि किमान किती तासांचे पैसे नक्की मिळणार, हे आम्ही विचारलंच नाही. तास कमी मिळाले त्या महिन्यात घराच्या हप्त्यासाठी एफडी मोडावी लागली. हप्ता कायम फिक्स पगारातच बसवा. पगार वेळेवर होतो का, हेही तिथे उडणाऱ्यांना फोन करून विचारा, संकोच करू नका. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ला थांबली, पण वैमानिकांचे पगार त्याच्या कितीतरी आधीपासून थकले होते.

याहून मोठी चूक म्हणजे रोस्टर, म्हणजे महिन्याचं ड्युटीचं वेळापत्रक, न बघणं. एचआरवाले सुट्ट्या किती ते सांगतात, त्या कुठे पडतात ते सांगत नाहीत. त्याच बेसवर (ड्युटी जिथून सुरू होते ते शहर), त्याच विमानावर, त्याच पदावर असलेल्या कुणाकडून तरी मागच्या तीन महिन्यांचं रोस्टर मिळवा आणि कालनिर्णयवर पेन्सिलीने उतरवा. आमच्याकडे ते दुधाच्या खाड्यांशेजारी लिहिलं जातं. पहाटेच्या ड्युटीला 'प', बाहेरच्या मुक्कामाला 'मु', स्टँडबायला (बोलावलं तर निघायचं असा दिवस) 'स्टँ'. मग लाल पेनने पालकसभा, सासूबाईंची तपासणी, गौरी-गणपती. दुसऱ्या कंपनीचं रोस्टर दुसऱ्या कालनिर्णयवर. सलग चार 'प' दिसले की कळतं: पावणेतीनला खाली कॅब लागणार, दुपारी बाबा पडदे ओढून झोपणार आणि शाळेतून आलेल्या पोरीला मी दारातच "हळू बोल गं" म्हणणार. असा दिवस मी 'घरी' म्हणून मोजत नाही.

"दिल्ली बेस घेऊ, सुट्टीला मुंबईला येऊ" हेही गणित फसतं. १ जुलै २०२५पासून आठवड्याला सलग ४८ तास विश्रांती द्यावी लागते, हे खरं. पण येताना रिकाम्या सीटची वाट बघा, जाताना ड्युटीच्या आदल्या रात्रीच पोचा, मग घरी जेमतेम एक दिवस उरतो. मुंबई बेस मिळाला तरी पत्रात 'गरजेनुसार बदल' अशी ओळ आहे का ते वाचा. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालं आहे. बोरिवलीच्या माणसाला पहाटे अंधेरीचं जुनं विमानतळ गाठणं वेगळं आणि उलव्याचं हे नवं गाठणं वेगळं.

सहीची घाई नको. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक) २०१७च्या नियमाने नोकरी सोडताना फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आणि कॅप्टनला वर्षभर नोटीस द्यावी लागते. त्यात मुदतीआधी सोडल्यास भरायचे बाँडचे पैसे वेगळे. पण सिनियॉरिटी सहसा रुजू झाल्यापासून धरतात, म्हणून ती तारीख लेखी घ्या. कमांड, म्हणजे कॅप्टनपद, मिळताना बेस बदलतो का, तेही विचारा. मेडिकलमध्ये तात्पुरतं अनफिट ठरल्यास पगाराचं काय आणि लायसन्स गेल्यास विमा आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरंही ईमेलवरच मागा.

यंदा पुन्हा एक ऑफर आली आहे. तिची दोन महिन्यांची रोस्टर उतरवून झाली, तिसरं मिळायचं आहे. ते आल्याशिवाय सही करायची नाही, असं आमचं दोघांचं ठरलं आहे.