राजकीय कैद्यांच्या सुटकेसाठी झटताय? या चुका टाळा

गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला. मोहन रानडे सुटले जानेवारी १९६९मध्ये. गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध सशस्त्र लढा देणाऱ्या आझाद गोमंतक दलाचा हा कार्यकर्ता ऑक्टोबर १९५५मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. शिक्षा २६ वर्षांची. मुक्तीच्या आधीच त्यांना पोर्तुगालला हलवून लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगात डांबलं होतं. गोव्यात तिरंगा फडकला, पण त्यांची कोठडी काही उघडली नाही.

लढा जिंकला की कैदी आपोआप सुटतात, हा भ्रम पहिला सोडा. मुक्तीनंतर तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी भारताच्या ताब्यात होते. मे १९६२पर्यंत ते मायदेशी परतले, रानडे आतच राहिले. हुकमाचं पान हातातून गेलं की पुढे नुसत्या विनंत्या उरतात. म्हणून तह, अदलाबदल किंवा बड्या नेत्याचा दौरा ठरतोय असं कळताच, बैठकीच्या आधी आपल्या माणसाचं नाव कागदावर गेलं पाहिजे. बैठक उरकल्यावर पाठवलेलं निवेदन फायलीत जातं.

आणि नाव म्हणजे कोणतं? रानड्यांचं मूळ नाव मनोहर आपटे. भूमिगत कार्यकर्त्यांचं असं असतंच. अर्जात एक नाव, खटल्याच्या कागदात दुसरं, आईच्या पत्रात तिसरं, असा घोळ झाला तर समोरच्या कारकुनाला अर्ज परत करायला आयतं कारण मिळतं. ‘ऊर्फ’ घालून सगळी नावं, अटकेची तारीख, शिक्षेचं कलम आणि सध्याचा तुरुंग पहिल्याच परिच्छेदात द्या. त्यागाची वर्णनं नंतर. (आपल्याकडे नेमकं उलटं होतं. दोन पानं गौरव, आणि तुरुंगाचं नावच नाही.)

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चुकीचं दार ठोठावत बसणं. भारत-पोर्तुगाल राजनैतिक संबंध १९५५पासून तुटलेले होते, त्यामुळे दिल्लीचा आवाज लिस्बनला सरळ पोचतच नव्हता. इकडे गायक-संगीतकार सुधीर फडक्यांनी रानड्यांच्या सुटकेसाठीच्या विमोचन समितीतून विषय धगधगता ठेवला. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी १९६८मध्ये पोप सहावे पॉल यांच्याकडेच शब्द टाकला. कॅथलिक पोर्तुगाल कुणाचं ऐकेल, याचा हा अचूक अंदाज. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार सत्तेवरून गेले आणि चारेक महिन्यांत रानडे बाहेर आले. सुटकेचं श्रेय एकाच माणसाला देऊ नये, पण तिकडे खुर्ची बदलली की जुनं निवेदन नव्या तारखेनं पुन्हा धाडावं.

कैद्याला न विचारता त्याच्या वतीने अटी कबूल करू नका. १९८५मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बोथा सरकारनं हिंसेचा मार्ग सोडण्याच्या अटीवर मंडेलांना सुटका देऊ केली. त्यांनी ती नाकारली आणि ते नकारपत्र त्यांच्या मुलीनं सोवेटोतल्या सभेत वाचून दाखवलं. बाहेरच्या कुणी उत्साहाच्या भरात आधीच होकार कळवला असता तर?

आजारपणही फुगवून सांगू नका. एक खोटं उघडं पडलं की खऱ्या तपासणी अहवालावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

शेवटची चूक आपण मराठी लोकांनी केली आहे. एकच चेहरा पोस्टरवर घेतला की शेजारच्या कोठडीतला विसरला जातो. गोव्याचेच तेलो मास्कारेन्यस, कवी आणि पत्रकार, तेही पोर्तुगालच्याच तुरुंगात होते. ते सुटले १९७०मध्ये, रानड्यांच्याही नंतर.