बूस्टर आणायच्या आधी हे चेक करा

एका अँटेनावर घरातले तीन-चार टीव्ही चालवले की कधी ना कधी हे होतंच, चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो, एका खोलीत झकास दिसतं आणि दुसरीत ‘नो सिग्नल’. मग जो तो सांगतो बूस्टर (सिग्नल वाढवणारी डबी) लाव. मी पण आधी तेच केलं आणि होतं नव्हतं ते चित्रही गेलं, म्हणून सांगतो, बूस्टर सगळ्यात शेवटी.

आधी बघा बिघाड सगळ्या टीव्हींवर आहे का एकावरच. सगळीकडे असेल तर भानगड अँटेना ते स्प्लिटर (एक वायर सगळ्या टीव्हींना वाटून देणारी डबी) एवढ्या टप्प्यात, एकाच खोलीत असेल तर स्प्लिटरपासून पुढे. एकाच खोलीचं असेल तर स्प्लिटरवरच्या दोन वायरी अदलाबदल करा, बिघाड दुसऱ्या खोलीत गेला तर स्प्लिटरचं ते तोंड खराब, आणि आहे तिथेच राहिला तर वायर, भिंतीतलं सॉकेट नाहीतर टीव्हीच.

सगळीकडे असेल तर अँटेनावरून आलेली मेन वायर स्प्लिटरमधून काढा आणि सरळ एका टीव्हीला जोडा, मध्ये काही नको. (अँटेनाच्या खांबावर बूस्टर असेल तर त्याचा पॉवर सप्लाय मात्र मध्ये ठेवायचा, नाहीतर बूस्टर बंद पडेल आणि तुम्ही उगाच अँटेनाला दोष द्याल.) आता चित्र नीट आलं तर अँटेना ठीक आहे, वाटणीत गडबड आहे. तरीही खराबच तर मग वर चढायचं, पण वारा-पाऊस-विजा असताना नाही आणि एकट्याने तर नाहीच.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये सिग्नलचे बहुतेक दोन आकडे दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. लोक स्ट्रेंग्थ बघून खूश होतात पण खरी गोष्ट क्वालिटी सांगते. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी हलतेय म्हणजे सिग्नलमध्ये कचरा मिसळतोय, नाहीतर तो गरजेपेक्षा जास्त झालाय. आणि डिजिटलचं एक लक्षात ठेवा, जुन्या ॲनलॉगवर सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, आधी कळायचं तरी, इथे शेवटपर्यंत चित्र चकाचक असतं आणि मग एकदम फुटतं. त्यामुळे ‘कालपर्यंत तर छान होतं’ याला फार अर्थ नाही, काल काठावर होतं आणि आज समोरची झाडं पावसात भिजली एवढंही पुरतं.

आता कनेक्टर, कारण माझ्या मते निम्मे घोळ इथेच असतात. प्रत्येक कनेक्टर उघडून बघा, केबलच्या बाहेरच्या जाळीचा एखादा केसाएवढा तार मधल्या तांब्याला टेकला की शॉर्ट, आणि तो नुसत्या नजरेने पटकन दिसत पण नाही. मधला तांब्याचा तार चमकदार हवा, काळा-हिरवा झाला असेल तर आत पाणी शिरलंय, तेवढा तुकडा कापून टाका, आतही काळाच निघाला तर पूर्ण केबल बदला, ती पुसून-वाळवून सुधारत नाही. बाहेरच्या जोडावर पाणी रोखणारी टेप हवी आणि केबल कनेक्टरकडे येताना खाली झोळ देऊन आणायची म्हणजे पाणी तिथून गळून जातं. नवीन घ्यायची तर ७५ ओमची, आरजी-६ प्रकारची केबल घ्या.

स्प्लिटरचा हिशोब कुणी करत नाही. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक टीव्हीला साधारण ३.५ ते ४ डीबी (डेसिबल, सिग्नल किती घटला-वाढला ते सांगणारं माप) कमी देतो, चार तोंडांचा ७-८ डीबी, आणि ३ डीबी गेले म्हणजे सिग्नल निम्मा झाला. त्यात वायरीचं वेगळं, आरजी-६ मध्ये वरच्या फ्रीक्वेन्सीच्या चॅनलांना १०० मीटरला २० डीबीच्या आसपास जातात, म्हणजे २० मीटरची वायर चारेक डीबी खाते. टीव्ही दोन आणि स्प्लिटर आठ तोंडांचा असं असेल तर तो काढून दोन तोंडांचा लावा, फुकटात सिग्नल वाढेल. मोकळं तोंड राहिलंच तर त्यावर ७५ ओमचं टर्मिनेटर (मोकळं तोंड बंद करणारं टोपण) बसवा. आणि वायर मध्येच सोलून पिळून दुसरी जोडलेली दिसली तर आधी ती काढा, विजेच्या वायरीला जे चालतं ते इथे नाही चालत.

एवढं करून कमीच पडत असेल तर बूस्टर, पण तो अँटेनाजवळ, टीव्हीमागे नाही. बूस्टर सिग्नलबरोबर खरखरही वाढवतो, वायरीत आणि स्प्लिटरमध्ये दमून आलेला सिग्नल टीव्हीपाशी वाढवणं म्हणजे घोगऱ्या आवाजाला लाऊडस्पीकर. टीव्हीचा टॉवर जवळ असेल तर उलटंच होतं, सिग्नल इतका जास्त होतो की टीव्हीतला ट्यूनर (चॅनल पकडणारा भाग) गुदमरतो, माझं हेच झालं होतं. अशा वेळी बूस्टर काढा किंवा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा छोटा जोड) लावा.

वरच्या बूस्टरला वीज त्याच केबलमधून जाते, तेव्हा पॉवर सप्लाय आणि बूस्टरच्या मध्ये स्प्लिटर असेल तर त्याचं पॉवर पास लिहिलेलं तोंडच वापरावं लागतं. आणि हो, तो सप्लाय कुणी जुना चार्जर समजून काढून ठेवलेला नाही ना तेही बघा, हसू नका, होतं असं.

ठराविक वेळीच चित्र फुटत असेल तर त्या वेळी घरात काय चालू असतं ते बघा, स्वस्तातले एलईडी दिवे आणि ॲडॅप्टर बराच कचरा सोडतात, एकेक बंद करत गेलं की सापडतो. वरचेच चॅनल जात असतील आणि जवळ नवा मोबाईल टॉवर आला असेल तर ४जी फिल्टर (मोबाईलचा सिग्नल अडवणारा) अँटेना आणि बूस्टरच्या मध्ये लावा, बूस्टरनंतर लावून फारसा उपयोग नाही. चॅनल नव्याने स्कॅन करायचे ते हे सगळं झाल्यावरच, सिग्नल पडलेला असताना स्कॅन केलं तर सेव्ह असलेले चॅनलही उडतात.