पडद्यावरचं पात्र पटावर उतरवताना

गेम आर्ट शिकलेली मुलं-मुली मिनिएचरच्या, म्हणजे टेबलावरच्या खेळांसाठी थ्रीडी प्रिंटरवर छापायच्या छोट्या मूर्तींच्या (‘मिनीं’च्या) कामाकडे वळताना आपला पोर्टफोलिओ मला दाखवतात. काम बहुधा देखणं असतं आणि त्यातलं निम्मंअधिक प्रिंट होण्यासारखं नसतं. व्हिडिओ गेममधलं पात्र कॅमेऱ्याला चकवण्यासाठी बांधलेलं असतं. कपड्यांच्या सुरकुत्या नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे उठावाचा नुसता भास देणाऱ्या चित्रात; खालचा पृष्ठभाग सपाटच. केस म्हणजे पारदर्शक चित्रं डकवलेल्या पट्ट्या. झग्याला जाडीच नसते. हे मॉडेल एसटीएल (प्रिंटिंगसाठीची फाइल) करून स्लायसरमध्ये, म्हणजे मॉडेलचे छापायचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकलं की सुरकुत्या गेल्या, केस गेले आणि झग्याच्या जागी काहीच उरलं नाही. प्रिंटरला फक्त आकार कळतो. म्हणून या कामात पहिल्या दिवसापासून ‘वस्तू’ घडवायची सवय लावावी लागते, आणि तीही अंगठ्याएवढी वस्तू.

अंगठ्याएवढी का, ते खेळाच्या जन्मात आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन खेळायचा टेबलावरचा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. तो गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी घडवला, तोही टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळांतून. पटावरचा एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट, हे गणित आजही चालतं. माणसाएवढ्या पात्राचा बेस, म्हणजे पायाखालची चकती, साधारण एक इंचाचा, ओगरसारख्या थोराड प्राण्याचा दोन इंचांचा. त्यावर उभी राहणारी मूर्ती २८ किंवा ३२ मिलिमीटरची. हे माप कुणी डोळ्यांपर्यंत मोजतं, कुणी टाळूपर्यंत, त्यामुळे दोन ठिकाणच्या ‘२८ मिलिमीटर’ मूर्ती शेजारी ठेवल्या तर एक दुसरीच्या धाकट्या भावासारखी दिसू शकते. ऑर्डर घेतानाच विचारा: कुठपर्यंत मोजायचं, आणि बेस धरून की सोडून?

आता थोडा हिशेब. पावणेसहा फुटी माणूस ३२ मिलिमीटरवर आणला की तो सुमारे ५५ पट लहान होतो. खऱ्या तलवारीचं पातं ५ मिलिमीटर जाड धरलं तर मिनीवर ते ०.०९ मिलिमीटर भरतं. आजच्या प्रिंटरमध्ये द्रव रेझिन प्रकाशाने घट्ट करणाऱ्या पडद्याचा पिक्सेल साधारण ०.०२ ते ०.०३५ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे असं पातं कदाचित छापलंही जाईल, पण सपोर्ट (छापताना दिलेले तात्पुरते आधार) काढतानाच तुटेल. मी तलवारीची जाडी ०.८ ते १ मिलिमीटर ठेवतो. खऱ्या मापात ती साडेचार ते साडेपाच सेंटिमीटर होते, तरी टेबलावर तलवारच दिसते. हात, डोकं, हत्यारं फुगवायच्या या पद्धतीला हिरोइक स्केल म्हणतात. शरीरशास्त्र काटेकोर शिकून आलेल्यांना याचा आधी राग येतो. हरकत नाही, एक मूर्ती खऱ्या प्रमाणात आणि एक फुगवून प्रिंट करा आणि हातभर अंतरावरून दोन्हींचे चेहरे ओळखता येतात का पाहा.

सॉफ्टवेअरवर फार वेळ घालवू नका. ब्लेंडर फुकट आहे आणि पुरेसं आहे. टॅबलेटवर हात बसला असेल तर नोमॅड स्कल्प्ट घ्या. स्टुडिओत नोकरी हवी असेल तर झीब्रश कधीतरी शिकावंच लागेल. एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा. एसटीएल फाइलमध्ये एकक नसतं, नुसता आकडा असतो, आणि स्लायसर त्याला मिलिमीटर समजतो. ब्लेंडरमध्ये दोन मीटर उंच केलेला वीर बाहेर पडतो तो दोन मिलिमीटरचा.

गिऱ्हाईक बहुतेकदा एकच चित्र पाठवतं, समोरून काढलेलं. त्याला पहिला प्रश्न विचारायचा तो पाठीचा. खेळाडू आपल्या पात्राच्या मागे बसतो, म्हणजे तासन्‌तास त्याला मिनीची पाठच दिसणार. चित्रात उडणारे केस आणि लहरणारी उपरणी हवेत छान दिसतात, पण मूर्तीत ती खांद्याला, झग्याला कुठेतरी टेकवा. सगळे भाग एकत्र करून जाळी (मॉडेलचा पृष्ठभाग) बंदिस्त करा, भोकं बुजवा. स्कल्प्ट करताना अधूनमधून झूम आउट करून मूर्ती पडद्यावर खऱ्या उंचीची करा. तेव्हा जे दिसत नाही, त्यावर रात्र जागवायची गरज नाही.

रंगाचाही विचार इथेच होतो. पातळ वॉश खोल रेघांत उतरतो, कोरडा ब्रश उंच कडांवर रंग सोडतो. पट्टा, कातडं आणि कापड यांच्यामध्ये स्पष्ट पायरी नसेल तर रंगवणारा तुम्हाला शिव्या घालेल. स्वतः दोन-चार मिनी रंगवल्याशिवाय हे हाताला कळत नाही.

पूर्वी शिल्पकार पुट्टीत मूर्ती घडवायचा, मग साचा आणि मग धातूचं ओतकाम. साच्यात अडकणारे आकार टाळण्यात त्याचं अर्धं कसब जायचं. चक हल यांना स्टिरिओलिथोग्राफीचं, म्हणजे द्रव रेझिन प्रकाशाने थराथराने घट्ट करायच्या पद्धतीचं, पेटंट १९८६ मध्ये मिळालं, पण टेबलावर मावणारे स्वस्त एलसीडी रेझिन प्रिंटर घरोघरी पोचले ते २०१८-१९च्या सुमारास. आता साच्याची भीती गेली आणि सपोर्टची आली. मूर्ती उलटी लटकून थराथराने तयार होते. ज्या थरात हनुवटीचं किंवा बोटाचं टोक हवेतच सुरू होतं, तिथे आधार लागतो. अशा ठिकाणांना आयलंड म्हणतात, स्लायसर ती शोधून दाखवतो. मूर्ती ३०-४५ अंश मागे कलवली की सपोर्टचे व्रण पाठीकडे जातात आणि चेहरा स्वच्छ राहतो. माणसाएवढी मिनी भरीवच छापा. ड्रॅगन पोकळ करायचा तर २ मिलिमीटरची भिंत ठेवा आणि निचऱ्याची भोकं विसरू नका. आत अडकलेलं कच्चं रेझिन नंतर मूर्ती तडकवतं.

प्रिंटर बाल्कनीत ठेवायचा विचार असेल तर सोडून द्या. उन्हातली अतिनील किरणं टाकीतलं रेझिन घट्ट करतात. खिडकी असलेली, ऊन न येणारी खोली हवी. कच्चं रेझिन कातडीला लागत राहिलं तर कायमची ॲलर्जी जडू शकते, म्हणून नायट्राइल हातमोजे प्रत्येक वेळी. मूर्ती धुवून उरलेलं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मोरीत ओतायचं नाही. ‘वॉटर वॉशेबल’ रेझिनचं पाणीही नाही. पुण्यातल्या डिसेंबरच्या रात्री रेझिन दाटतं आणि थर नीट चिकटत नाहीत, तेव्हा खोली वीस अंशांच्या वर ठेवा. वीज जाते तिथे यूपीएस घ्याच. काही प्रिंटर थांबलेलं काम पुढे नेतात, पण त्या जागी मूर्तीवर रेघ राहू शकते.

कामं दोन प्रकारची मिळतात. आपलं एकच पात्र हवं असलेला खेळाडू, आणि दरमहा नवे एसटीएल विकणारे छोटे स्टुडिओ. हिरो फोर्जसारख्या सेवेत २०१४पासून पर्याय निवडून मिनी बनवता येते. तेव्हा तुमच्याकडे येणाऱ्याला त्या यादीबाहेरचं काहीतरी हवं असतं: चार हातांचा बासरीवाला किंवा नऊवारीतली जादूगारीण. स्टुडिओला सपोर्ट लावलेली, स्वतः छापून पाहिलेली फाइल हवी असते. म्हणून पोर्टफोलिओत रेंडरच्या, म्हणजे संगणकावरून काढलेल्या चित्राच्या, शेजारी राखाडी प्राइमर मारलेल्या प्रिंटचा फोटो ठेवा, एका बाजूने उजेड पाडून, शेजारी नाणं ठेवून. असा एक फोटो दहा रेंडरपेक्षा लवकर काम मिळवून देतो, असं माझं मत आहे.

पैशाआधी हक्कांचं बोला. फाइल कुणाची, गिऱ्हाईक तिच्या प्रती छापून विकू शकतं का, तुम्ही ती पोर्टफोलिओत दाखवू शकता का, हे लेखी हवं. प्रसिद्ध गेममधली पात्रं विकायला करू नका. आणि मंजुरी टप्प्याटप्प्याने घ्या: आधी पोझ, मग मोठे आकार, मग बारकावे. पोझ मंजूर झाल्यावर ‘जरा हात वर करता येईल का?’ असा निरोप आला तर त्याचे वेगळे पैसे लागतील हे पहिल्याच पत्रात लिहून ठेवा.