पिकअपचा मागचा रेशो बदलायचं काम शिकायचं असेल तर

आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून पोरं गॅरेजमध्ये येतात, तेव्हा सगळ्यांना इंजिन खोलायचं असतं. मागच्या ॲक्सलखाली झोपायला कोणी राजी नसतं. आमच्या वरुड-मोर्शी पट्ट्यात मात्र हे काम हाताशी असलेला पोरगा कधी रिकामा बसत नाही. संत्र्याच्या आंबिया बहाराच्या तोडीला काळी जमीन अजून ओली असते, बागेतून भरलेली पिकअप बाहेर काढताना क्लच जळतो, आणि मग मालक येतो: "भाऊ, गाडी ओढूनच नाही रायली, रेशो टाकून दे." रेशो म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनकडून येणारा शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा; तो वाढवला की ओढ वाढते.

लगेच पाना उचलायचा नाही. आधी गाडी चालवून बघा. क्लच घसरत असेल, टर्बोचा पाइप फाटला असेल, डिझेल फिल्टर चोंदला असेल, तर रेशो बदलून काही होत नाही. मग टायर बघा. गेल्या काही वर्षांत उंच टायर टाकायची हौस वाढली आहे. टायर दहा टक्के मोठा झाला की ४.१ चा रेशो ३.७ सारखा वागतो, म्हणजे ओढ कमी होते. अशा गाडीला कंपनीच्या मापाचे टायर परत घाला, एवढं सांगून मी बऱ्याच जणांना वाटेला लावतो. आणि दुप्पट माल भरायचा म्हणून रेशो हवा असेल तर सरळ नाही म्हणायचं. ओढ वाढते, पण ब्रेक, पाटे आणि चेसिस तेच राहतात. गाडी गॅरंटीत असेल तरीही हात लावू नका.

हिशेब सोपा आहे. मागच्या ॲक्सलमधलं मोठं दातेरी चक्र म्हणजे क्राउन, त्याला फिरवणारं छोटं म्हणजे पिनियन. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे रेशो. ४१ ला १० म्हणजे ४.१, ३९ ला ८ म्हणजे ४.८७५. २१५/७५ आर१५ टायरचा घेर साधारण २.२१ मीटर. ताशी ६० ला आणि डायरेक्ट गिअरमध्ये (इंजिन आणि शाफ्टच्या फेऱ्या सारख्या) ४.१ वर इंजिन सुमारे १,८५० फेऱ्यांवर असतं, ४.८७५ वर सुमारे २,२००. चाकावरची ओढ जवळपास १९ टक्के वाढली, पण त्याच फेऱ्यांवरचा वेग १६ टक्के गेला. परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला रोज माल नेणाऱ्याला हा सौदा परवडतो. नागपूरच्या कळमना मार्केटला हायवेने जाणाऱ्याला नाही. त्याचं डिझेल वाढतं आणि कानाला इंजिनचा गलका वेगळा. म्हणून गिऱ्हाइकाला रेशो विचारू नका, रस्ता विचारा.

सेट घेताना क्राउन आणि पिनियन जोडीनेच घ्या. कारखान्यात दोन्ही एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोन्हीवर जोडीचा नंबर कोरलेला असतो. भंगारातून एकाचं क्राउन, दुसऱ्याचं पिनियन, असं जमवलेलं रडणारच. काही हौसिंगमध्ये (ॲक्सलच्या मधल्या खोक्यात) ठरावीक रेशोच्या पुढे केजही (ज्यावर क्राउन बोल्टने बसतं ते) वेगळं लागतं, ते आधी विचारून घ्या. फोर बाय फोर असेल तर पुढचा रेशोही तोच करावा लागतो, नाहीतर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत राहतात.

खोलणं एका सकाळचं काम आहे. गाडी घोडीवर (स्टँडवर), तेल खाली, ॲक्सल शाफ्ट बाहेर, जॉइंट शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून येणाऱ्या लांब दांड्यावर) खूण करून तो वेगळा. एक गोष्ट विसरायची नाही: केजच्या बेअरिंग कॅपवर डावी-उजवी खूण करा. या कॅप हौसिंगबरोबर एकत्र बोअर केलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही.

खरी विद्या पुढे आहे. पिनियन किती खोल बसतं, ते शिमवर (पातळ चकत्यांवर) ठरतं आणि शिम अंदाजाने बसत नाही. दर वेळी नवं बेअरिंग ठोकून बसवायचं आणि ओढून काढायचं म्हटलं तर बेअरिंगची वाट लागते. म्हणून जुनं बेअरिंग आतून जरासं घासून सैल करून ठेवावं; शिम बदलत चाचणी त्याच्यावर घ्यायची, माप जुळलं की नवं बसवायचं. मग क्राउन बसवून डायल गेजने बॅकलॅश (दातांमधली मोकळी चाल) बघा. हलक्या गाड्यांत तो बहुधा ०.१३ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा. तो चार-पाच ठिकाणी मोजा. एका जागी बरोबर आणि दुसरीकडे ढिला निघाला तर क्राउन वाकडं बसलंय, बहुतेक वेळा बैठकीत कचरा असतो.

त्यानंतर दातांना मार्किंग पेस्ट लावायची. क्राउनला लाकडाने थोडा अडसर देत पिनियन दोन्ही दिशांनी फिरवा, म्हणजे डाग स्पष्ट उठतो. डाग दाताच्या बुडाशी आला तर पिनियन जास्त आत गेलंय, शेंड्याकडे आला तर बाहेर राहिलंय. डाग क्राउनच्या बाहेरच्या टोकाकडे सरकला तर बॅकलॅश जास्त, आतल्या टोकाकडे आला तर कमी. एक हलवलं की दुसरं थोडं हलतं, म्हणून दर बदलानंतर दोन्ही परत बघायचं. नव्या पोराची सगळी दुपार इथे जाते आणि जाऊ द्यावी. जो उस्ताद म्हणतो "चालून जाते", त्याच्याकडून हा भाग शिकू नका.

क्रश स्लीव्ह (पिनियनच्या दोन बेअरिंगमधली दबणारी नळी) असेल तर पिनियनचा नट हळूहळू आवळायचा आणि प्रीलोड (बेअरिंगवरचा ताण) मोजत जायचं. जास्त आवळला गेला तर नट मागे घेऊन भागत नाही, स्लीव्ह नवीनच लागते. क्राउनचे बोल्ट स्वच्छ करून थ्रेडलॉक लावून टॉर्क रेंचने आवळा.

तेल जीएल-५ प्रतीचंच. क्राउन-पिनियनचे हे तिरपे, हायपॉइड दात एकमेकांवर घसरतात, साधं तेल तिथे टिकत नाही. पहिले २५-३० किलोमीटर रिकामी गाडी सावकाश चालवून ती पूर्ण थंड होऊ द्यायची, मगच माल. गिअरबॉक्सवरून मीटर चालणाऱ्या गाडीत नवा रेशो मीटरला कळत नाही. खरे ६० असताना तो ७१ दाखवतो, किलोमीटरही जास्त धावतात, आणि मालक खूश होऊन सांगतो की ॲव्हरेज वाढलं. त्याला आधीच सांगून ठेवा.

८०० किलोमीटरच्या आसपास तेल बदलायचं आणि ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर काय चिकटलंय ते बोटाने बघायचं. राखाडी मऊ चिखल ठीक आहे. बोटाला टोचणारा कीस असला तर परत खोलावं लागेल. एवढ्यासाठी गिऱ्हाईक बहुधा परत येत नाही, म्हणून मी त्या तेलाचे पैसे पहिल्याच बिलात धरतो.