रोलेक्सचं सबमरीनर घड्याळ देऊन ओमेगाचं स्पीडमास्टर घ्यावं का?
पाणी रोखण्याची मर्यादा पहिल्याची 300 मीटर, दुसऱ्याची 50. ठाण्याच्या पावसाला 50 पुरतं, पण गॅस्केट (पाणी अडवणाऱ्या रिंगा) जुनी असतील तर नाही. पोहताना तर घालूच नका. मूनवॉचला, म्हणजे या स्पीडमास्टरला, हाताने चावी द्यावी लागते, तो नेम आवडणार असेल तरच पुढे जा.

नौपाड्यातल्या एखाद्या चांगल्या घड्याळजीकडे पूर्ण चावी देऊन, डायल वर ठेवून टाइमग्राफर (घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) लावा. अँप्लिट्यूड (आतल्या बॅलन्स चाकाचा झोका) साधारण 270 ते 310 अंश हवं. 250च्या खाली असेल तर बहुधा तेल सुकलंय; सर्व्हिसचा खर्च सौद्यातून वजा करा. लिफ्ट अँगल (टाइमग्राफरमध्ये भरायचा, त्या मशीनचा ठरलेला कोन) चुकीचा भरला की आकडाही चुकतो, म्हणून तो विचाराच.

लग्जच्या (पट्टा जोडतात त्या केसच्या टोकांच्या) कडा गोलावल्या असतील तर घड्याळ नको: पॉलिशमध्ये गेलेला धातू परत येत नाही. वॉरंटी कार्ड आणि केसवरचा नंबर जुळवा. दोन्ही घड्याळांचा रोख भाव वेगवेगळा काढा, मगच फरकाचं बोला.