शाळा उघडायच्या आधी कायद्याची एवढी तयारी करून ठेवा

जूनमध्ये शाळा भरायच्या आत आपण वर्ग झाडून घेतो, हजेरीपट आखतो, पुस्तकं मोजतो, तसाच एक दिवस कायद्यासाठी काढा, यंदा नवीन जॉइन होणाऱ्यांनी तर नक्कीच. आधी आरटीई, म्हणजे २००९ चा शिक्षण हक्क कायदा, त्याची मराठी प्रिंट काढून ड्रॉवरमध्ये ठेवा आणि कलम ४, ५ आणि १४ वर पेनाने खूण करा, कारण दाखला नसलेलं कुणीतरी दाराशी येणारच. मी नवीन असताना ऊसतोडीवरून आलेल्या एका मुलाला आमच्या ऑफिसने टीसी नाही म्हणून बाहेर थांबवलं होतं, खताच्या गोणीची शिवलेली पिशवी मांडीवर घेऊन तो मधल्या सुट्टीपर्यंत पायरीवर बसून होता, आणि मला कलमच माहीत नव्हतं म्हणून मी गप्प राहिले, ते अजून टोचतं. दाखल्याला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, वयाचा पुरावा नसला तरी नाही, वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि मागच्या शाळेकडे दाखल्यासाठी आपणच पत्र पाठवायचं. आपल्याकडे कुणी दाखला मागितला तर तोही लगेच द्यायचा.

वर्गात छडी असेल तर आत्ताच बाहेर काढा. कलम १७ मध्ये मारण्यासोबत मानसिक त्रासही आलाय, त्यामुळे "ढ आहेस" वगैरे तोंडातूनच जायला हवं. घरी शिकवणी घेत असाल तर बंद करा, कलम २८.

आता पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा, आणि याला सगळ्यात जास्त वेळ द्या. पोलीस स्टेशनचा नंबर आणि मुलांची हेल्पलाइन १०९८ मोबाइलमध्ये सेव्ह करा. डबा खाताखाता एखादं मूल हळूच काहीतरी सांगतं तेव्हा आपलेच हातपाय गळतात, म्हणून आधीच ठरवून ठेवा की शांतपणे ऐकायचं, "कुणाला सांगणार नाही" असा शब्द द्यायचा नाही, खोदून विचारायचं नाही, त्याचेच शब्द तारीख-वेळ टाकून लिहायचे आणि पोलिसांना कळवायचं. खरं-खोटं तपासणं आपलं काम नाही. मुख्याध्यापकांना सांगा, पण सांगून मोकळे होऊ नका, कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याच्यावरच जबाबदारी आहे आणि न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही तर १ वर्षापर्यंत कैद आणि दंड. शाळेचं नाव जाईल म्हणून थांबवणारे भेटतील, त्यांना सांगा की चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. मुलाचं नाव मात्र स्टाफच्या ग्रुपवरसुद्धा टाकायचं नाही.

शेवटी तक्रारपेटी बघून घ्या. ऑफिसच्या दारासमोर असेल तर हलवा, पहिलीतल्या मुलीचा हात पोचेल एवढ्या उंचीवर लावा, आणि कुलपाची चावी कुणाकडे आहे ते विचारा.